२१४७४८३६४७ : सगळ्यांचा मोबाईल नंबर एकच कसा झाला?

माळरान

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाची सभासद यादी मी सांभाळतो. आजवर ती एक्सेलमध्ये होती. आता ओळखीतल्या एका मुलाने सॉफ्टवेअर करून दिलं आणि यादी त्यात चढवली. नावं आली, पत्ते आले, वर्गणीच्या तारखाही बरोबर आल्या. मोबाईलच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत एकच आकडा: २१४७४८३६४७.

आणखी एक नवल. काही जुने सभासद मुलांकडे पुण्याला राहायला गेलेत. त्यांचे तिथले ०२० वाले लँडलाईन नंबर जसेच्या तसे आहेत, फक्त पुढचं शून्य गेलंय. मुंबईचे ०२२ वाले नंबर मात्र मोबाईलसारखेच बदलून तोच आकडा झालेत. पुणं सुटलं आणि मुंबई अडकली, याचा काही केल्या उलगडा होईना.

मूळ एक्सेल फाईल जपून ठेवली आहे, तेव्हा नुकसान काही नाही. पण हा आकडा आला कुठून? शोधल्यावर ही मूळ संख्या आहे असं वाचलं. मूळ आहे म्हणून संगणकाने ती निवडली का? माझं गणित बी.कॉम.पुरतं, पण नीट समजून घ्यायचंय. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

किरमिजी

माळरान, पुणे-मुंबईचं निरीक्षण फार नेमकं आहे. उत्तर त्यातच आहे.

पुढचं शून्य काढल्यावर पुण्याचा नंबर २०२... असा सुरू होतो, म्हणजे संख्या म्हणून वाचला तर २ अब्ज २ कोटींच्या घरात. मुंबईचा २२२..., म्हणजे २ अब्ज २२ कोटी. मोबाईल सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होणारे, म्हणजे ६ अब्जांच्या पुढचे. तुमच्या रकान्याची कमाल मर्यादा आहे २,१४,७४,८३,६४७. पुणं त्याच्या आत बसतं, मुंबई बसत नाही, मोबाईल तर नाहीच नाही. जे बसलं नाही ते मर्यादेवर आणून ठेवलं गेलं.

ही मर्यादा कुठून येते? त्या मुलाने फोनचा रकाना पूर्णांक म्हणून ठेवला असणार. साधा पूर्णांक बहुतेक ठिकाणी ३२ बिटांचा असतो, म्हणजे ० किंवा १ लिहायच्या ३२ जागा. त्यातली एक जागा धन-ऋणासाठी जाते, उरतात ३१. त्या सगळ्या जागांवर १ लिहिला की १ + २ + ४ + ८ + १६ अशी ३१ पदांची बेरीज होते. आपल्या नेहमीच्या पद्धतीत तीन जागांवर मोठ्यात मोठी संख्या ९९९, म्हणजे हजारातून एक कमी. तसंच इथे २ च्या ३१ व्या घातातून एक कमी: २१४७४८३६४८ − १.

यात आणखी एक मिळवायला गेलं तर पुढे काय होईल, ते त्या त्या प्रणालीवर ठरतं. कोणी मर्यादेवरच अडकून राहतं, कोणी सरळ चूक दाखवून थांबतं, आणि कोणी गर्रकन फिरून −२१४७४८३६४८ वर जातं. तुमच्याकडे पहिला प्रकार झालाय. खरं तर यात दुसरा प्रकार सगळ्यात चांगला, कारण चूक तिथल्या तिथे कळते.

उपाय सोपा आहे. फोन नंबरांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. तो रकाना टेक्स्ट करून घ्या, पुढचं शून्यसुद्धा टिकेल. मग मूळ फाईल पुन्हा चढवा.

संख्या मूळ असण्याशी याचा संबंध नाही. ३१ जागा उरतात म्हणून ती येते. पण ती मूळ आहे हे खरं, आणि त्यामागची कथा मोठी आहे. गणितवाल्यांनी लिहाच.

डॅलसवासी

२१४ हा आमच्या डॅलसचा एरिया कोड. इथले फोन नंबरही दहा आकडीच, तीन-तीन-चार असे तोडून लिहिलेले. त्यामुळे हा आकडा एखाद्या यादीत एकटाच दिसला तर इथल्या माणसाला तो शेजारच्याचा नंबर वाटेल. खालच्या सगळ्या ओळींत तोच दिसेपर्यंत शंकाही येणार नाही.

पहाटवारा

याच संख्येमुळे २०३८ चा प्रश्न उभा आहे. युनिक्स घराण्यातल्या संगणकांवर वेळ मोजायची पद्धत म्हणजे १ जानेवारी १९७० ला ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले ते मोजत राहायचं. हा मोजणारा आकडा जिथे अजून ३२ बिटांचा आहे तिथे तो १९ जानेवारी २०३८, मंगळवारी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी २१४७४८३६४७ वर पोचेल. पुढच्या सेकंदाला फिरून ऋण होईल आणि तारीख दिसेल डिसेंबर १९०१ ची.

आजचे फोन आणि संगणक ६४ बिटांवर गेलेत, त्यांची काळजी नाही. मला काळजी वाटते ती भिंतीत, यंत्रात, मीटरमध्ये बसवून विसरून गेलेल्या छोट्या कंट्रोलरांची. ते पंचवीस-तीस वर्षं चालतात आणि त्यांचं सॉफ्टवेअर कोणी बदलत नाही.

तसंच, २०१४ च्या डिसेंबरात एका कोरियन गाण्याचा व्हिडिओ यूट्यूबवर या संख्येच्या पुढे गेला, तेव्हा दर्शकसंख्या मोजायला त्यांना ६४ बिटांची सोय करावी लागली होती.

वेदवती

किरमिजी म्हणतात ते बरोबर. पण ही संख्या मूळ आहे हे माणसाला कसं कळलं, ते सांगायचा मोह आवरत नाही. मी गणित शिकवते, त्यामुळे पोस्ट लांबणार, सांभाळून घ्या.

२ च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. घातांक संयुक्त असेल तर ती संख्या मूळ असूच शकत नाही. उदाहरणार्थ २^१५ − १ = ३२७६७. १५ ला ३ आणि ५ ने भाग जातो, म्हणून ३२७६७ ला ७ आणि ३१ ने भाग जातो (७ × ३१ × १५१). तेव्हा घातांक मूळ असायलाच हवा.

बोलोन्याच्या कातालदीने १६०३ मध्ये छापलेल्या पुस्तकात १७ आणि १९ या घातांकांच्या संख्या मूळ असल्याचं दाखवलं, तेही एकेका मूळ संख्येने भागून बघत. त्यात त्याने २३, २९, ३१ आणि ३७ हेही घातांक चालतील असं म्हटलं. पुढे फर्माने २३ ची संख्या ४७ ने आणि ३७ ची २२३ ने भागून दाखवली. ऑयलरने २९ ची संख्या २३३ ने फोडली. चारातला एकच दावा खरा निघाला, तो ३१ चा. मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनेही १६४४ च्या आपल्या यादीत ३१ घेतला होता. पण सिद्धता कोणाकडेच नव्हती.

ती दिली ऑयलरने, १७७२ मध्ये, बर्नुली घराण्यातल्या एका गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गमध्ये होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली होती. हे मी वर्गात सांगते तेव्हा पोरं क्षणभर थांबतात, कारण पुढचे भागाकार कसे असतात ते त्यांनी स्वतः करून बघितलेलं असतं.

या संख्येचं वर्गमूळ ४६३४० आणि ४६३४१ च्या मध्ये येतं. म्हणजे साध्या पद्धतीने ४६३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघावं लागेल, आणि त्या साडेचार हजारांहून जास्त आहेत. ऑयलरने दोन चाळण्या लावल्या.

पहिली चाळणी: भाग जाणारी मूळ संख्या असलीच तर ती ६२ च्या पटीत एक मिळवून येणारी, म्हणजे ६२क + १ अशीच असते. का, ते लहान उदाहरणावर बघा. २ ची पट करत जायचं आणि प्रत्येक वेळी २३ ने भागून बाकी लिहायची: २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकराव्या पायरीला १ आला, पुढे तीच माळ पुन्हा. म्हणजेच २^११ − १ = २०४७ ला २३ ने भाग जातो. फर्माचा नियम सांगतो की २३ साठी २२ पायऱ्यांनी १ यायलाच हवा, म्हणून माळेची लांबी २२ ची विभाजकच असणार. आता आपल्या संख्येला एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल तर ३१ व्या पायरीला १ येतो. ३१ स्वतः मूळ, तेव्हा माळेची लांबी नेमकी ३१. म्हणजे त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यावर ३१ ने भाग गेला पाहिजे. ती विषम आहे, तेव्हा २ नेही गेला पाहिजे. झाले ६२.

दुसरी चाळणी: २^३१ ची बाकी १ असेल तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे त्या संख्येच्या बाक्यांमध्ये २ हा वर्ग आहे, आणि हे फक्त ८ ने भागल्यावर १ किंवा ७ बाकी उरणाऱ्या मूळ संख्यांसाठीच घडतं.

दोन्ही एकत्र केल्या की उरतात २४८न + १ आणि २४८न + ६३ या दोनच रांगा. ४६३४० पर्यंत अशा संख्या सगळ्या मिळून ३७३. त्यातल्या संयुक्त काढून टाका: ६३, २४९, ४९७, ५५९ वगैरे. उरलेल्या मूळ संख्या शंभराच्या आत येतात. पहिल्या तीन अशा:

३११ ने भागलं, बाकी ३५.
१३०३ ने भागलं, बाकी २२६.
१४८९ ने भागलं, बाकी १९९.

असं करत शेवटपर्यंत जायचं. कुठेच शून्य येत नाही. एक कागद घेऊन ३११ चा भागाकार स्वतः करून बघा, हातात आल्यावर या कामाचं मोल कळतं.

गोदाकाठ

वेदवतीताई, फार सुरेख. अशा उदाहरणाने पहिल्यांदाच कळलं. एक शंका: ३१ मूळ आहे म्हणून २^३१ − १ मूळ, असं सरळ का म्हणता येत नाही?

वेदवती

गोदाकाठ, घातांक मूळ असणं आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. ११ मूळ आहे, पण २०४७ = २३ × ८९. आणि हे दोन्ही अवयव पहिल्या चाळणीतून बरोबर जातात: २३ = २२ + १, ८९ = ४ × २२ + १. २९ चंही तेच. ५३६८७०९११ = २३३ × ११०३ × २०८९. या तिन्हींतून १ वजा करून ५८ ने भागून बघा.

आज ऑयलरसारखं भागत बसायची गरज नाही. लुकास आणि लेमर यांची कसोटी आहे. ४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या पायऱ्यांनी शून्य आलं तर मूळ. ३१ या संख्येवर (२^५ − १) करून दाखवते: ४, मग १४, मग १९४ म्हणजे बाकी ८, मग ६२ म्हणजे बाकी ०. तीन पायऱ्यांत निकाल. २१४७४८३६४७ ला अशा २९ पायऱ्या लागतात.

माळरान

किरमिजी, रकाना बदलून घेतला, सगळे नंबर नीट आले. मनापासून आभार.

ताई, ३११ चा भागाकार केला. भागाकार ६९०५०९२ आणि बाकी ३५. आता १३०३ करतोय. एवढ्या आकड्यांत बोट ठेवून चालावं लागतं.

चाळीसगावकर

धागा वाचून राहवेना म्हणून लॉगिन केलं. या संख्येच्या अगदी शेजारच्या घरी भास्कराचार्य जाऊन आले आहेत, आणि तेही ऑयलरच्या सहाशे वर्षं आधी.

लीलावतीत (शके १०७२, म्हणजे इ.स. ११५०) श्रेढीव्यवहारात, म्हणजे श्रेढींच्या प्रकरणात, एक उदाहरण आहे. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या द्यायचं कबूल केलं आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट. तर महिन्याभरात तो किती निष्क देईल? महिना तीस दिवसांचा.

म्हणजे २ + ४ + ८ + ... अशी तीस पदं. बेरीज २१४७४८३६४६. आपल्या संख्येपेक्षा नेमकी एक कमी!

त्याहून मला आवडते ती रीत. तीस वेळा दुप्पट करत बसायचं नाही. गच्छ म्हणजे पदांची संख्या, इथे ३०. ती सम असेल तर अर्धी करा आणि बाजूला 'वर्ग' लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि 'गुण' लिहा. शून्य येईपर्यंत:

३० सम, १५, वर्ग
१५ विषम, १४, गुण
१४ सम, ७, वर्ग
७ विषम, ६, गुण
६ सम, ३, वर्ग
३ विषम, २, गुण
२ सम, १, वर्ग
१ विषम, ०, गुण

आता खालून वर या. १ पासून सुरुवात. गुण: २. वर्ग: ४. गुण: ८. वर्ग: ६४. गुण: १२८. वर्ग: १६३८४. गुण: ३२७६८. वर्ग: १०७३७४१८२४. त्यातून एक वजा करा, गुणोत्तरातून एक वजा करून (२ − १ = १) त्याने भागा आणि पहिल्या पदाने म्हणजे २ ने गुणा: २१४७४८३६४६. तीस पायऱ्यांचं काम आठ पायऱ्यांत.

मग कवड्यांचे निष्क करायचे. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे निष्काला २०४८० कवड्या. उत्तर येतं १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या.

आमच्या तालुक्यात पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला, त्याची ती नोंद. पितळखोरा, पाटणादेवी बघायला येणारे पुष्कळ असतात. त्यांनी त्या लेखापुढे दोन मिनिटं जरूर थांबावं.

किरमिजी

चाळीसगावकर, अंगावर काटा आला. ही 'वर्ग, गुण'ची रीत आम्ही रोज वापरतो. बँकेचं संकेतस्थळ उघडताना जी सुरक्षित जोडणी होते तिच्यात प्रचंड घात काढावे लागतात, आणि ते असेच काढतात: घातांकाचे बिट वाचायचे, प्रत्येक बिटाला वर्ग, १ असेल तिथे गुणाकार. तुमचा स्तंभ खालून वर वाचला की ३० चं बायनरी रूप समोर येतं, ११११०.

गोदाकाठ

रोजच्या बोलण्यात महिन्याचा हिशेब म्हणून दिलेलं उदाहरण, आणि उत्तर दोन अब्जांच्या वर! कवड्यांतसुद्धा एवढी रक्कम कोणी दिली नसती. मुलांना दुपटीचा वेग कळावा म्हणूनच हे उदाहरण घेतलं असणार, असं मला वाटतं.

रेघ

२१४७४८३६४६ वरून आठवलं. सांख्यिकीत सिम्युलेशनसाठी रँडम संख्या लागतात. पूर्वी सर्रास वापरली जाणारी एक रीत अशी: हातातल्या संख्येला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी ही नवी संख्या. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी किमान दर्जा म्हणून हीच सुचवली. १ पासून सुरू केलं तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३, आणि पुढे कसलाही ताल दिसत नाही.

हीच संख्या का घेतली? इथे मात्र तिचं मूळ असणं कामाला येतं. वेदवतीताईंनी २३ ची माळ दाखवली, २ घेतल्यावर ती अकरातच संपली. २ च्या जागी ५ घेतला असता तर बाविसावी पायरी आल्याशिवाय १ आला नसता, म्हणजे शून्य सोडून सगळ्या बाक्या एकदा येऊन गेल्या असत्या. २१४७४८३६४७ साठी ७ हा असा आकडा आहे, आणि १६८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात. २१४७४८३६४६ चे अवयव २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. त्यात ५ नाही, म्हणून पाचवा घात घेऊनही माळ तुटत नाही. ती पूर्ण २१४७४८३६४६ पायऱ्या चालते आणि मगच पहिल्या जागी येते. भास्कराचार्यांच्या कवड्यांइतक्या!

आजच्या कामाला ही माळ तोकडी पडते, आता खूप लांब माळांच्या रीती आहेत. पण वर्गात शिकवायला हिच्याइतकी स्वच्छ दुसरी नाही. आणि भागाकार तर करावाच लागत नाही. नऊने भागल्यावर बाकी काढायला आपण अंकांची बेरीज करतो ना? तसंच गुणाकाराचे ३१-३१ बिटांचे तुकडे पाडायचे आणि मिळवायचे.

पहाटवारा

म्हणजे संगणकाच्या मर्यादेशी मूळपणाचा संबंध नाही, पण मर्यादेला ती मूळ निघाली म्हणून ही रीत ३२ बिटांत बसली. माळरान यांच्या प्रश्नाचं हे खरं उत्तर म्हणायचं का?

किरमिजी

हो, मला तरी तसंच वाटतं. इतर मर्यादा बघा म्हणजे योगायोग स्पष्ट होतो. ८ बिटांची १२७, ती मूळ. १६ बिटांची ३२७६७, ताईंनी फोडून दाखवली. ३२ बिटांची मूळ. ६४ बिटांची ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पुन्हा संयुक्त, तिला ४९ ने भाग जातो. घातांक ७, १५, ३१, ६३ असे येतात, आणि त्यातले १५ आणि ६३ स्वतःच संयुक्त आहेत.

वेदवती

एक गोष्ट राहिली, ती परिपूर्ण संख्येची. जिच्या स्वतःखेरीज बाकी विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच होते ती परिपूर्ण. २८ घ्या: १ + २ + ४ + ७ + १४ = २८. आणि २८ = ४ × ७, जिथे ७ ही मर्सेन मूळ संख्या. युक्लिडने दाखवलं की प्रत्येक मर्सेन मूळ संख्येमागे अशी एक परिपूर्ण संख्या असते. ऑयलरने दाखवलं की सम परिपूर्ण संख्या दुसऱ्या कुठल्या प्रकारची नसतेच.

आपल्या संख्येची जोडीदार: १०७३७४१८२४ × २१४७४८३६४७ = २३०५८४३००८१३९९५२१२८. लहानापासून मोजत आलं तर आठवी. पडताळा मजेदार आहे. १०७३७४१८२४ म्हणजे २^३०, त्याच्या विभाजकांची बेरीज १ + २ + ४ + ... + २^३०, आणि ती पुन्हा २१४७४८३६४७ च. दुसऱ्या अवयवाच्या विभाजकांची बेरीज एकाने वाढून २^३१. गुणाकार केला की त्या परिपूर्ण संख्येची बरोबर दुप्पट, त्यातून ती स्वतः वजा केली की झालं.

१८११ मध्ये इंग्लंडच्या पीटर बार्लोने पुस्तकात लिहिलं की ही आजवरची सगळ्यात मोठी परिपूर्ण संख्या आहे आणि बहुधा यापुढेही हीच राहील, कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा पुढे शोधायला कोण जाईल? मला हे अजिबात पटत नाही. कुतूहलाला एवढं हलकं का लेखायचं? ऑयलरची संख्या पाऊण शतकाहून अधिक काळ ज्ञात मूळ संख्यांत सगळ्यात मोठी राहिली, पण लोक शोधत राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही ४,१०,२४,३२० अंकांची आहे.

माळरान

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. एक शेवटचं विचारतो, वेड्यासारखं वाटलं तर सांगा. ३ वरून ७ आली (२^३ − १). ७ वरून १२७. ३१ वरून आपली संख्या. तर आपल्या संख्येला घातांक करून २ चा घात काढला आणि १ वजा केला, तर ती मूळ असेल का?

वेदवती

वेड्यासारखं मुळीच नाही, हा प्रश्न गणितज्ञांनी खरोखर विचारलाय. ती संख्या लिहायला ६४ कोटींहून जास्त अंक लागतात. आणि ती मूळ नाही. तिला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो.

एवढ्या अवाढव्य संख्येचा विभाजक सापडला तो ऑयलरच्या पहिल्या चाळणीमुळेच. तिथे घातांक ३१ होता म्हणून विभाजक ६२क + १ असे होते. इथे घातांक २१४७४८३६४७, म्हणून विभाजक ४२९४९६७२९४क + १ असेच असणार. क = ६८७४५ घालून बघा. गुणाकार कागदावर होण्यासारखा आहे, आणि ३११ चा केलाय त्याला हाही जमेल.

माळरान

केला. ४२९४९६७२९४ × ६८७४५ = २९५२५७५२६६२६०३०. अधिक एक. बरोबर आला.